रिलीज एपीकेमध्ये डेटा येत नाही: शेवटी सापडलेला उपाय

आईच्या बचत गटासाठी एआय असिस्टंटकडून फ्लटरमध्ये (मोबाइल ॲप बनवायचं साधन) हिशोबाचं ॲप लिहून घेतलं. केबल लावून डीबग मोडमध्ये, म्हणजे चाचणीसाठी चालवलं की सगळे हप्ते दिसायचे. रिलीज एपीके, म्हणजे वापरायला द्यायची ॲपची अंतिम फाइल, फोनवर टाकली की नुसतं गोल फिरत राहायचं. लॉगमध्ये एकच एरर: 'फेल्ड होस्ट लुकअप', म्हणजे सर्व्हरचा पत्ता सापडला नाही.

असिस्टंटने टाइमआउट वाढवला, रीट्राय घातला, एचटीटीपीचं पॅकेजही बदललं. दोन रात्री वाया गेल्या, फार चीड आली. चूक डार्ट (फ्लटरची भाषा) कोडमध्ये नव्हतीच.

नव्या फ्लटर प्रोजेक्टमध्ये इंटरनेटची परवानगी फक्त डीबग आणि प्रोफाइल (वेग तपासायचा मोड) यांच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपच्या परवानग्या लिहिलेल्या फाइलमध्ये असते, कारण हॉट रीलोडला (कोडमधला बदल चालत्या ॲपमध्ये लगेच दिसणं) ती लागते. रिलीजला मेन फोल्डरमधलीच फाइल मिळते. म्हणून अँड्रॉइड, ॲप, एसआरसी, मेन या क्रमाने फोल्डर उघडत जा आणि तिथली अँड्रॉइडमॅनिफेस्ट फाइल उघडा. ॲप्लिकेशन टॅगच्या आत नाही, त्याच्या वर, यूजेस-परमिशनचा टॅग टाकून त्यात अँड्रॉइड.परमिशन.इंटरनेट लिहा, शेवटचा शब्द सगळा कॅपिटलमध्ये. मग फ्लटर क्लीन, त्यानंतर फ्लटर बिल्ड एपीके या कमांड चालवा. फोनवरचं जुनं ॲप काढून नवं टाका.

असिस्टंटला नुसती एरर पेस्ट करू नका. 'डीबगमध्ये चालतं, रिलीजमध्ये नाही' एवढं सांगितल्यावर त्याने लगेच मॅनिफेस्ट दाखवायला सांगितलं.