नवीन बुरशीला नाव देताय? आधी कल्चर गोठवा

पहिली गोष्ट, प्लेटवर वाढतंय ते कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेली बुरशी) टाइप, म्हणजे नाव ज्याला कायमचं जोडलं जातं तो नमुना, म्हणून चालत नाही, नाव देण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमात स्पष्ट आहे की टाइप जिवंत असता कामा नये, पण बुरशी आणि शैवालांना एक सवलत आहे, कल्चर फ्रीझ-ड्राय करून (गोठवून सुकवून) किंवा डीप-फ्रीझ करून निष्क्रिय अवस्थेत कायमचं ठेवलं तर ते होलोटाइप, म्हणजे नाव देणाऱ्याने ठरवलेला एकमेव टाइप, होऊ शकतं. त्यामुळे पेपर लिहायला बसायच्या आधी हे काम उरका, नंतर करू म्हणालात की राहतंच.

त्याच्याही आधी कल्चर एकाच स्पोअरपासून (बीजाणूपासून) वाढवलेलं आहे ना ते बघा. दोन बुरश्या मिसळलेल्या असतील तर वर्णन एकीचं आणि डीएनए सिक्वेन्स दुसरीचा असा घोळ होतो, आणि तो निस्तरायला पुढच्या माणसाचा जीव जातो. आयटीएस, म्हणजे बुरशी ओळखायला वापरतात त्या नेहमीच्या डीएनए तुकड्याचा सिक्वेन्स करा, पण फ्युजेरियममध्ये टीईएफ१ आणि अ‍ॅस्परजिलसमध्ये कॅलमोड्युलिन या जनुकांचे सिक्वेन्स नसतील तर जवळच्या जाती वेगळ्या सांगता येत नाहीत. डीएनए त्याच कल्चरमधून काढा, शेजारच्या प्लेटमधून नाही.

स्पोअर भरपूर देणारी असेल तर फ्रीझ-ड्राय उत्तम, नुसतं मायसेलियम (बुरशीच्या धाग्यांचं जाळं) असेल तर ते बहुतेकदा टिकत नाही, मग ग्लिसरॉल घालून लिक्विड नायट्रोजन. गोठवल्यावर एक ट्यूब उघडून वाढते का ते बघाच. फ्रीजमधल्या स्लँटच्या (तिरप्या आगरच्या नळीतल्या कल्चरच्या) भरवशावर राहू नका, सारखं सबकल्चर केलं, म्हणजे नव्या मीडियावर हलवलं, की काही बुरश्या स्पोअर देणंच बंद करतात, माइट्स (अगदी बारीक किडे) शिरले तर ते एका प्लेटवरून दुसरीवर भलतंच काहीतरी नेऊन पेरतात, आणि मग तुम्ही वर्णन केलेली बुरशी तीच ही, हे सांगणार कोण?

जमा करताना होलोटाइप एकाच संस्थेत, तिचं नाव आणि नंबर पेपरमध्ये. त्यातून वाढवलेली जिवंत कल्चर्स म्हणजे एक्स-टाइप, ती निदान दोन कल्चर कलेक्शनमध्ये (जिवंत कल्चर जपणाऱ्या संस्थांमध्ये) द्या, एकीकडचा फ्रीझर बंद पडला तरी दुसरीकडे राहतं. एक्स-टाइपला टाइप म्हणू नका, लोक सर्रास म्हणतात.

आता पेपर. 1 जानेवारी 2019 पासून टाइप कल्चर असेल तर ते मेटॅबॉलिकली इनॅक्टिव्ह (निष्क्रिय) अवस्थेत ठेवलंय हे वाक्य मूळ वर्णनातच हवं, नाहीतर नाव वैध धरत नाहीत, एवढ्याशा वाक्यावाचून सगळी मेहनत लटकते. 2013 पासून मायकोबँक, इंडेक्स फंगोरम किंवा फंगल नेम्स या बुरशीच्या नावांच्या नोंदणी-डेटाबेसपैकी एकाचा नंबरही लागतो. वर्णन इंग्रजी किंवा लॅटिनमध्ये, डायग्नोसिस (जवळच्या जातींपासून वेगळेपण सांगणारा छोटा मजकूर) दिली तरी चालते.

तांबेरा, भुरी असल्या बुरश्या साध्या मीडियावर वाढवायचा नाद सोडा, त्यांना यजमान झाडच लागतं, तिथे वाळवलेला नमुनाच हर्बेरियमला द्या. आणि ज्यांची वाढते त्यांनीसुद्धा एक प्लेट वाळवून सोबत ठेवावी, माझ्या मते ती फुकटची सोय आहे, वाढीचा रंग-पोत बघायला ट्यूब उघडावी लागत नाही.