ओपनबीएसडी नेटवर्कवरून आपोआप कशी बसवावी

एकाच बनावटीच्या वीस-पंचवीस यंत्रांवर ओपनबीएसडी ही युनिक्ससारखी कार्यप्रणाली बसवायची असेल, तर प्रत्येकाला पेनड्राइव्ह लावून त्याच प्रश्नांना तीच उत्तरे देत बसण्यात अर्थ नाही. मे २०१४ मध्ये आलेल्या ५.५ या आवृत्तीपासून तिच्या इन्स्टॉलरमध्येच ऑटोइन्स्टॉलची, म्हणजे न विचारता आपोआप बसण्याची, सोय आहे. त्यासाठी सेवा देणारे यंत्रही ओपनबीएसडीचेच असेल तर बाहेरचे एकही पॅकेज लागत नाही, कारण डीएचसीपी (यंत्रांना नेटवर्कचे पत्ते वाटणारी), टीएफटीपी (सुरुवातीच्या फाइली पुरवणारी) आणि एचटीटीपी (वेबसर्व्हरची) या तिन्ही सेवा मूळ प्रणालीतच येतात. या लेखात सेवायंत्राचा पत्ता १९२.१६८.१०.१, आवृत्ती ७.७, आर्किटेक्चर एएमडी६४ आणि लक्ष्ययंत्रे (ज्यांवर प्रणाली बसवायची ती) जुन्या बायोस पद्धतीने सुरू होणारी आहेत, असे धरले आहे. फाइलींची नावे व आज्ञा येथे देवनागरीत लिहिल्या असल्या, तरी यंत्रावर त्या रोमन लिपीतच टंकायच्या आहेत.

आधी साखळी कशी चालते ते पाहू. लक्ष्ययंत्राचे नेटवर्क कार्ड पीएक्सईने (नेटवर्कवरून यंत्र सुरू करण्याच्या पद्धतीने) जागे होते आणि डीएचसीपीकडे पत्ता मागते. उत्तरात पत्त्यासोबत दोन गोष्टी येतात: पुढचा सर्व्हर कोणता आणि त्यावरून कोणती फाइल उतरवायची. ती फाइल, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारा बूटलोडर, टीएफटीपीने येते. बूटलोडर त्याच मार्गाने ‘बीएसडी.आरडी’ हे इन्स्टॉलर असलेले कर्नल उतरवतो. इन्स्टॉलर सुरू झाला की तो डीएचसीपीला पुन्हा एकदा विचारतो, आणि उत्तरातील फाइलचे नाव ‘ऑटो_इन्स्टॉल’ असेल तर त्या सर्व्हरवरून एचटीटीपीने उत्तरपत्रिका (प्रश्नांची आधीच लिहिलेली उत्तरे असलेली फाइल) मागवून कामाला लागतो. एकच नाव दोन ठिकाणी दोन अर्थांनी वापरले जाते हे नीट लक्षात ठेवावे: पीएक्सईच्या दृष्टीने ती उतरवायची फाइल आहे, इन्स्टॉलरच्या दृष्टीने तो ‘न विचारता सुरू कर’ असा इशारा आहे.

डीएचसीपीच्या मांडणीत, ‘/ईटीसी/डीएचसीपीडी.कॉन्फ’ या फाइलमध्ये, नेहमीचा सबनेटचा विभाग लिहावा आणि फाइलचे नाव व ‘नेक्स्ट-सर्व्हर’ मात्र प्रत्येक यंत्राच्या स्वतंत्र होस्ट विभागात, त्याच्या मॅक पत्त्यासह (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या ओळखक्रमांकासह) द्यावे. हे टंकनाचे काम वाढवते, पण ते टाळू नये. या दोन ओळी सबनेटच्या पातळीवर लिहिल्या, तर त्या जाळ्यात नेटवर्कवरून सुरू होणारे कोणतेही यंत्र, मग ते शेजारच्या टेबलावरचे हिशेबाचे का असेना, पाच सेकंदांची सूचना देऊन स्वतःची डिस्क पुसायला घेईल. सेवेला कोणत्या इंटरफेसवर ऐकायचे तेही ‘आरसीसीटीएल’ या सेवा सांभाळणाऱ्या साधनाच्या ‘आरसीसीटीएल सेट डीएचसीपीडी फ्लॅग्ज’ या आज्ञेने ठरवून द्यावे, कारण त्याच जाळ्यात आधीचा राउटर पत्ते वाटत असेल तर दोघांची ओढाताण होते आणि यंत्र कधी चालू होते, कधी होत नाही. इन्स्टॉलेशनसाठी वेगळे व्हीलॅन (त्याच स्विचवरचे आभासी वेगळे जाळे) किंवा निदान वेगळा स्विच ठेवणे सर्वांत सोयीचे.

टीएफटीपीचे काम थोडक्यात उरकते. ‘/टीएफटीपीबूट’ ही डिरेक्टरी तयार करून तीत रिलीजमधील ‘पीएक्सईबूट’ व ‘बीएसडी.आरडी’ या फाइली ठेवाव्यात, आणि ‘ऑटो_इन्स्टॉल’ नावाची सिम्बॉलिक लिंक ‘पीएक्सईबूट’कडे वळवावी. ही लिंक सापेक्षच हवी. टीएफटीपीडी स्वतःला त्या डिरेक्टरीत कोंडून घेतो, त्यामुळे मुळापासून लिहिलेला पत्ता त्याला आतून सापडत नाही. तिथेच ‘ईटीसी’ ही उपडिरेक्टरी करून ‘बूट.कॉन्फ’मध्ये ‘बूट टीएफटीपी:/बीएसडी.आरडी’ ही एक ओळ लिहावी. रॅकमधील यंत्रांना पडदा नसेल तर तिच्या आधी सीरियल कन्सोलच्या ओळी घालाव्यात. बायोसऐवजी नवी यूईएफआय पद्धत वापरणाऱ्या यंत्रांसाठी बूटलोडरची फाइल वेगळी असते. ‘पीएक्सईबूट’ तिथे चालत नाही.

एचटीटीपीसाठी मूळ प्रणालीतील एचटीटीपीडी पुरतो. त्याची मूळ डिरेक्टरी ‘/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ असल्याने, ‘एचटीडॉक्स’खाली ‘पब/ओपनबीएसडी/७.७/एएमडी६४’ अशी वाट करून रिलीजचे सर्व संच (प्रणालीच्या फाइलींचे गठ्ठे) आणि ‘एसएचए२५६.एसआयजी’ ही स्वाक्षरीची फाइल तिथे उतरवावी. ‘बीएसडी.आरडी’ आणि संच एकाच आवृत्तीचे असणे आवश्यक आहे. नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येत असल्यामुळे, एक बदलून दुसरे बदलायचे राहून जाणे ही नित्याची गोष्ट आहे.

आता मुख्य वस्तू, म्हणजे उत्तरपत्रिका. इन्स्टॉलर ती आधी मॅक पत्त्याच्या नावाने, मग होस्टनेमच्या नावाने आणि शेवटी नुसत्या ‘इन्स्टॉल.कॉन्फ’ या नावाने शोधतो, त्यामुळे सगळ्यांची एक सामाईक फाइल ठेवून एखाद्या वेगळ्या यंत्रापुरती स्वतंत्र फाइल देता येते. रचना अगदी साधी आहे. इन्स्टॉलर पडद्यावर जो प्रश्न विचारतो तो प्रश्न, किंवा त्याचा ओळखू येईल इतका भाग, मग बरोबरीचे चिन्ह, मग उत्तर. उदाहरणार्थ:

सिस्टम होस्टनेम = लॅब०१
पासवर्ड फॉर रूट = *************
पब्लिक एसएसएच की फॉर रूट अकाउंट = (सार्वजनिक किल्लीची पूर्ण ओळ)
अलाऊ रूट एसएसएच लॉगिन = प्रोहिबिट-पासवर्ड
व्हॉट टाइमझोन आर यू इन = एशिया/कोलकाता
लोकेशन ऑफ सेट्स = एचटीटीपी
एचटीटीपी सर्व्हर = १९२.१६८.१०.१
यूज एचटीटीपी इन्स्टेड = येस
सेट नेम(एस) = -गेम* -एक्स*

ज्या प्रश्नाचे उत्तर फाइलमध्ये नाही तिथे इन्स्टॉलर कंसातील स्वतःचे ठरावीक उत्तर घेतो. म्हणून पत्रिका छोटी राहते, आणि म्हणूनच कोणती उत्तरे आपण दिलेली नाहीत याचाही विचार करावा लागतो. दोन डिस्क असलेल्या यंत्रात मूळ डिस्क कोणती हे लिहिले नाही, तर निवड इन्स्टॉलर करील, आणि ती विदा ठेवलेली डिस्क असू शकते. प्रश्नांची नेमकी शब्दयोजना आवृत्तीगणिक थोडी बदलते. त्यामुळे पत्रिका कोऱ्या पानावर रचण्याऐवजी एका यंत्रावर हाताने एकदा इन्स्टॉलेशन करावे: पहिल्यांदा सुरू होताना ती प्रणाली रूटच्या (मुख्य प्रशासक खात्याच्या) टपालपेटीत दिलेल्या उत्तरांची फाइल पाठवते. तीच उचलून दुरुस्त करणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

पासवर्डच्या ओळीतील तेरा तारका हौसेच्या नाहीत. त्या लिहिल्या की त्या खात्याला पासवर्डने प्रवेशच राहत नाही. पासवर्ड उघडा लिहिता येतो, ‘एन्क्रिप्ट’ या आज्ञेने गुंतवूनही देता येतो, परंतु ही फाइल साध्या एचटीटीपीवर पडून असते आणि त्या जाळ्यातील कोणीही ती ब्राउझरने वाचू शकतो. एसएसएचने (दुरून सुरक्षितपणे) आत जाण्यासाठीची सार्वजनिक किल्ली वाचली गेली तर काही बिघडत नाही. म्हणून किल्ली द्यावी, पासवर्ड देऊ नये.

डिस्कची वाटणी इन्स्टॉलरवर सोडली तरी ती समंजस असते. स्वतःची हवी असल्यास साच्याची फाइल त्याच सर्व्हरवर ठेवून ‘यूआरएल टू ऑटोपार्टिशनिंग टेम्प्लेट फॉर डिस्कलेबल’ या प्रश्नासमोर तिचा पत्ता लिहावा. साच्यात प्रत्येक ओळीवर आधी माउंटबिंदू, मग किमान-कमाल आकार आणि शेवटी उरलेल्या जागेतील टक्केवारी असते, त्यामुळे वेगवेगळ्या आकारांच्या डिस्कना एकच साचा चालतो.

स्वतःच्या फाइली प्रत्येक यंत्रावर पोहोचवण्यासाठी ‘साइट७७.टीजीझेड’ हा संच बांधून इतर संचांशेजारी ठेवता येतो, आणि त्यात ‘इन्स्टॉल.साइट’ नावाची स्क्रिप्ट असेल तर ती इन्स्टॉलेशनच्या शेवटी चालते. संच दिसण्यासाठी त्याचे नाव ‘इंडेक्स.टीएक्सटी’मध्ये हवे, ती फाइल ‘एलएस -एनटी’ या आज्ञेच्या फलितातून नव्याने करावी. येथे एक पेच आहे. आपल्या संचावर प्रकल्पाची स्वाक्षरी नसते, म्हणून इन्स्टॉलर ‘कंटिन्यू विदाउट व्हेरिफिकेशन’ असे विचारतो, आणि त्याचे ठरावीक उत्तर नकारार्थी असते. बहुतेक जण पत्रिकेत ‘येस’ लिहून मोकळे होतात. पण स्वाक्षरीची फाइल मिळाली नाही किंवा ती खोटी निघाली, तरीही विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणजे एका स्वतःच्या फाइलसाठी दिलेली सूट मूळ प्रणालीच्या संचांनाही मिळते. बंदिस्त व्हीलॅनमध्ये हे चालून जाईल. अन्यथा साइट संच वगळावा, आणि यंत्र उभे राहिल्यावर एसएसएचने जाऊन उरलेली मांडणी करावी. माझे मत या दुसऱ्या बाजूला आहे.

तिन्ही सेवा ‘आरसीसीटीएल’ने सुरू केल्यावर, लक्ष्ययंत्र चालू करण्याआधी त्याचा बूटक्रम पाहावा. नेटवर्क पहिले ठेवले तर इन्स्टॉलेशन पूर्ण होऊन यंत्र पुन्हा सुरू होताच तेच इन्स्टॉलेशन परत चालू होते, आणि सकाळी कार्यालयात यावे तो रात्रभर तेच चक्र फिरलेले असते. डिस्क पहिली आणि नेटवर्क दुसरे ठेवावे: कोरी डिस्क असलेले यंत्र आपसूक नेटवर्ककडे वळते, आणि जुनी प्रणाली असलेल्या यंत्रावर सुरुवातीच्या मेन्यूतून त्या एका वेळेपुरते नेटवर्क निवडावे. बायोसपर्यंत पोहोचणेच शक्य नसेल, तर काम झालेल्या यंत्राच्या होस्ट विभागातून फाइलच्या नावाची ओळ काढून डीएचसीपीडी पुन्हा सुरू करावा.

पहिली चाचणी क्यूईएमयूच्या आभासी यंत्रावर घ्यावी. सेवायंत्रावर एका खिडकीत ‘टीसीपीडम्प’ या नेटवर्कची वाहतूक दाखवणाऱ्या साधनाने पोर्ट ६७ (डीएचसीपी) व ६९ (टीएफटीपी) पाहावेत, दुसऱ्या खिडकीत एचटीटीपीडीची प्रवेशनोंद चालू ठेवावी, म्हणजे साखळी कुठे तुटते ते लगेच कळते. पोर्ट ६७ वर विचारणा दिसते पण ६९ वर काहीच येत नाही, तर होस्ट विभागातील मॅक पत्ता किंवा ‘नेक्स्ट-सर्व्हर’ चुकला आहे. बूटलोडर आला पण कर्नल आले नाही, तर ‘बूट.कॉन्फ’ पाहावी. नोंदीत उत्तरपत्रिकेसमोर ४०४ हा आकडा आधी एकदा-दोनदा दिसला तर घाबरण्याचे कारण नाही, कारण मॅक पत्त्याच्या नावाची फाइल न मिळाल्याचाच तो आकडा असतो, नुसत्या ‘इन्स्टॉल.कॉन्फ’समोर २०० आला की पत्रिका पोहोचली. त्यानंतर इन्स्टॉलर मध्येच थांबला, तर त्याच्या शेलमध्ये ‘/टीएमपी/एआय/एआय.लॉग’ उघडावी, शेवटचा प्रश्न कोणता होता आणि त्याला कोणते उत्तर गेले, हे तिथे जसेच्या तसे लिहिलेले असते.