टॅपेट वाजायलंय म्हणून लगेच टॅपेट बदलू नका, आधी या चुका टाळा

उन्हाळ्यात सोलापुरात पारा ४२-४३ ला टेकला की आमच्या गॅरेजला टॅपेट (इंजिनचे व्हॉल्व उघडणाऱ्या यंत्रणेतला छोटा भाग) वाजायची तक्रार हमखास येते. पुण्याहून चार-पाच तास पळवून आणलेली गाडी सात रस्त्याच्या सिग्नलला थांबली की टकटक सुरू, रेस दिली की बंद. १.३ डिझेल स्विफ्ट-डिझायर असो नाहीतर यूसीई इंजिनची (इंजिन-गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये असलेली) रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, दोन्हीत टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे आत प्लंजर (सरकणारा दट्ट्या), स्प्रिंग आणि बारकी गोळी असते, गोळी ऑइल कोंडून धरते आणि त्या ऑइलवरच व्हॉल्वच्या यंत्रणेतला गॅप शून्य राहतो. ऑइल कमी पोचलं किंवा त्यात हवा शिरली की टॅपेट दबतं आणि वाजतं.

पहिली चूक म्हणजे आवाज जिथून येतो तिथलाच पार्ट बदलणं. मागच्या वर्षी एक स्विफ्ट आली होती, दुसरीकडे १६ च्या १६ टॅपेट नवे टाकलेले, तरी आवाज तसाच. आम्ही ऑइल प्रेशर स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावला, गरम इंजिनला आयडलवर (रेस न देता) काटा उठेचना, चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) उतरवला तर ऑइल पंपाच्या तोंडाशी असलेल्या स्ट्रेनरची जाळी काळ्या गाळानं बुजलेली. बिचाऱ्याचे एवढे पैसे गेले, वाईट वाटतं हो. डॅशबोर्डवरच्या लाल लाइटच्या भरवशावर राहू नका, ती फार उशिरा लागते. गेज लावा, इंजिन गरम करूनच बघा आणि आकडा मॅन्युअलशी जुळवा.

आवाज कधी येतो ते नीट ऐका, अर्धं काम तिथंच होतं. सकाळी स्टार्टला दोन-चार सेकंद वाजून थांबलं तर काळजी नको, रात्रभर दाबाखाली राहिलेल्या टॅपेटमधून ऑइल उतरलेलं असतं. रोजच बराच वेळ वाजत असेल तर ऑइल फिल्टर बघा, हलक्या फिल्टरचा रबरी व्हॉल्व ऑइल अडवत नाही आणि गॅलरी (इंजिनातली ऑइलची वाट) रिकामी होते. गरम झाल्यावर आयडललाच वाजत असेल तर ऑइल पातळ पडलंय, नाहीतर पंप किंवा बेअरिंग झिजलेत. हाय आरपीएमला वाजत असेल तर डिपस्टिक काढा, लेव्हल कमी असली तर पंप हवा ओढतो आणि जास्त असली तर क्रँक (इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा) ऑइल घुसळून फेस करतो, म्हणून "थोडं जास्तच टाका" हे कुणाचंच ऐकू नका.

जाड ऑइल टाकून आवाज दाबणं हीपण चूकच, गार इंजिनला ते वर चढायला अजून वेळ लावतं. क्लासिकला कंपनीनं १५ डब्ल्यू ५० सांगितलंय, तेच टाका. आणि गाळ धरलेल्या इंजिनला जोरदार फ्लश तर अजिबात नको, सुटलेल्या गाळाच्या खपल्या थेट जाळीवर जाऊन बसतात.

टॅपेट खरंच गेले असतील तर नवे बसवून लगेच सेल्फ मारू नका, ऑइल भरलेल्या टॅपेटनं व्हॉल्व उघडाच राहतो आणि पिस्टनला लागू शकतो. अर्धा तास थांबा, मग क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवून बघा, कुठं अडलं तर जोर न लावता परत थांबा.