जुन्या डिझेल गाडीत बायोडिझेलचे मिश्रण वापरताना

गाळून घेतलेले तळणीचे तेल म्हणजे बायोडिझेल, असा समज अजूनही पुष्कळ ठिकाणी आढळतो आणि त्यापायी चांगली इंजिने खराब होतात. तेलावर मिथेनॉलची प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळे काढल्यावरच बायोडिझेल तयार होते; प्रक्रिया न केलेले तेल इतके दाट असते की ते नोझलमधून नीट फवारले जात नाही आणि पिस्टनच्या रिंगांवर काजळी धरते. म्हणून आयएस 15607 या मानकाचा चाचणी अहवाल दाखवल्याशिवाय माल घेऊ नये.

बी-5 म्हणजे शंभर भागांत पाच भाग बायोडिझेल, अर्थात 50 लिटरच्या टाकीत अडीच लिटर. गाडीच्या पुस्तिकेत दिलेली मर्यादा ओलांडू नये. पंपावरील डिझेलच्या मानकातही 7 टक्क्यांपर्यंत बायोडिझेलला मुभा असल्याने आपण घातलेले प्रमाण त्यात मिळवूनच हिशेब करावा. बीएस-6 या नव्या प्रदूषण-मानकाच्या गाडीत तर घरी मिश्रण करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बायोडिझेल डिझेलपेक्षा जड असल्यामुळे आधी बायोडिझेल ओतल्यास ते तळाशी बसते. त्यासाठी स्वच्छ कॅनमध्ये दोन्ही नीट मिसळून मगच टाकीत भरावे.

खरी काळजी पहिल्या दोन-तीन टाक्यांत घ्यावी लागते. बायोडिझेल जुना गाळ सोडवते आणि वर्षानुवर्षे टाकीच्या तळाशी चिकटून राहिलेला थर फिल्टरमध्ये येतो. माझ्या जीपचा फिल्टर पहिल्याच महिन्यात उघडला, तेव्हा त्याच्या कागदी घड्यांमध्ये डांबरासारखा काळा चिकटा भरलेला होता; त्याआधी चार दिवस गाडी चढावर दम टाकत होती. त्यामुळे शक्य असल्यास टाकी आधी धुऊन घ्यावी, एक नवा फिल्टर गाडीत ठेवावा आणि ओढ कमी वाटताच तो बदलावा.

बायोडिझेल हवेतील ओलावाही डिझेलपेक्षा अधिक धरते. पावसाळ्यात टाकी शक्यतो भरलेली ठेवावी, वॉटर सेपरेटरचा (इंधनातील पाणी वेगळे करणाऱ्या भांड्याचा) खालचा स्क्रू सैल करून जमलेले पाणी काचेच्या बाटलीत काढून पाहावे आणि गाडी काही महिने उभी राहणार असेल, तर साधे डिझेल भरून थोडा वेळ इंजिन चालवून ठेवावे.

जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या बी-20 सारख्या जास्त प्रमाणाच्या मिश्रणाने फुगतात किंवा मऊ पडतात. सांध्यापाशी बोट फिरवून ओल लागते का, हे दर आठवड्याला तपासावे आणि लागल्यास तेथे व्हायटन या इंधनाला टिकणाऱ्या रबराची नळी बसवून घ्यावी.