ॲनिमे फिगर अस्सल की नकली? पारखताना या चुका टाळा

जपानी ॲनिमे मालिकांतल्या पात्रांच्या छोट्या प्लास्टिकच्या मूर्ती म्हणजे ॲनिमे फिगर. “ही ओरिजिनल आहे का?” असं विचारत कुणी अशा फिगरचा फोटो पाठवला की मी आधी उलट विचारतो, ही नेमकी कोणती फिगर आहे? पात्राचं नाव नको, ‘वन पीस’चा लुफी आहे हे दिसतंच. कंपनी कोणती, मालिका कोणती, बाजारात कधी आली, मूळ किंमत किती येन? बहुतेकांना यातलं काहीच सांगता येत नाही. मग ते खोक्यावरचा स्टिकर बघतात, प्लास्टिकचा वास घेतात, चेहऱ्याकडे टक लावून बसतात. यातून दोन्ही बाजूंनी नुकसान होतं. नकली फिगर खपून जाते आणि बिचाऱ्या अस्सल फिगरवर डुप्लिकेटचा शिक्का बसतो.

ओळख पटवण्याआधीच पारख करायला बसणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. अस्सल फिगर ही नोंद असलेली वस्तू असते. गुड स्माइल कंपनीच्या प्रत्येक नेंडोरॉइडला (मोठं डोकं, छोटं शरीर अशा बुटक्या फिगरला) क्रमांक असतो. २००८ साली आलेल्या हात्सुने मिकू या आभासी गायिकेचा क्रमांक ३३, तर ‘२.०’ आवृत्तीचा ३००. हा क्रमांक खोक्यावर छापलेला असतो. आल्टर, कोतोबुकिया, मेगाहाउस, बांदाई स्पिरिट्स या कंपन्यांच्याही फिगरची प्रकाशन महिना, स्केल (पात्राच्या उंचीच्या तुलनेत फिगर किती लहान, जसं १/७), उंची आणि किंमत अशी माहिती शोधता येते. ‘माय फिगर कलेक्शन’ या संग्राहकांच्या सूचीत तर एकाच पात्राच्या शेकडो फिगर फोटोंसकट लावलेल्या आहेत आणि ज्यांच्या नकला फिरतात त्यांच्यापुढे तशी सूचनाही असते.

हातातली किंवा विकायला आलेली फिगर तिथे शोधा. सापडलीच नाही, तर बहुतेक वेळा ती कुठल्याही कंपनीने काढलेलीच नसते. खालून दिवा लागणारा गोकू, दोन वेगवेगळ्या फिगरचे भाग जोडून केलेला झोरो, लहान फिगर मोठी करून ओतलेला नारुतो, असा माल आपल्याकडे खूप दिसतो. याचं मूळच नसल्यामुळे तुलना कशाशी करणार?

इथे एक अपवाद लक्षात ठेवा. जपानमध्ये माकुहारी मेस्से इथे भरणाऱ्या वंडर फेस्टिव्हलमध्ये हौशी शिल्पकार आपले गॅरेज किट, म्हणजे घरी जोडून रंगवायचे सुटे भाग, विकतात आणि त्यांना हक्कधारकांकडून फक्त त्या दिवसापुरता परवाना मिळतो. हे किट कायदेशीर असतात, पण दुकानात मिळत नाहीत. याउलट परवाना न घेता विकले जाणारे रेझिनचे मोठाले पुतळे कितीही देखणे असले, तरी अधिकृत नसतात.

स्टिकर दिसला की निश्चिंत होणं, नसला की घाबरणं

ड्रॅगन बॉल आणि वन पीसच्या फिगरवर या मालिका बनवणाऱ्या तोएई ॲनिमेशन स्टुडिओचा चकाकता स्टिकर असतो, हे आता सगळ्यांना ठाऊक झालं आहे. त्यामुळे डीमन स्लेअर मालिकेतल्या तांजिरोवर तो नाही म्हणून फिगर परत करायला निघालेले लोकही भेटतात. डीमन स्लेअर तोएईने बनवलेलीच नाही, ती युफोटेबल या स्टुडिओची. नारुतो स्टुडिओ पिएरोची. मग त्यांच्यावर तोएईचा स्टिकर येईल कुठून? उलट अशा फिगरवर तो दिसला तरच संशय घ्यावा. शिवाय स्टिकर छापणं ही नकली माल बनवणाऱ्यांसाठी सगळ्यात सोपी गोष्ट आहे.

त्यापेक्षा हक्कधारकांची ओळ वाचा. वन पीसच्या खोक्यावर लेखक ओदा एइचिरो, प्रकाशक शुएशा आणि तोएई ॲनिमेशन ही नावं असतात. फिगरच्या स्टँडखाली किंवा तळपायावरही बारीक अक्षरांत कॉपीराइटची खूण असते. नकली खोक्यावर ही ओळ गायब असते, धूसर असते किंवा तिच्यात अक्षरांच्या चुका असतात. कंपनीचं बोधचिन्ह खोडून टाकलेली खोकीही सर्रास दिसतात. जपानी वाचता येत नसेल तरी हरकत नाही, अस्सल खोक्याचा फोटो शेजारी ठेवून आकार जुळवता येतात.

‘मेड इन चायना’ लिहिलेलं दिसलं म्हणून फिगर नकली ठरत नाही. जपानी कंपन्यांच्या बहुतेक फिगर चीनमध्येच बनतात. तोत्तोरी प्रांतातल्या कुरायोशीत गुड स्माइलची निर्मिती होते, पण तसं उत्पादन थोडं. जपानी बारकोड ४५ किंवा ४९ ने सुरू होतो, पण बारकोडही जसाच्या तसा उतरवता येतो, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

प्राइझ फिगरला नकली समजणं

बानप्रेस्तो, सेगा, ताइतो, फुर्यू यांच्या कितीतरी फिगर दुकानात विकण्यासाठी नव्हे, तर जपानमधल्या क्रेन गेमचं (यांत्रिक पंजाने वस्तू उचलायच्या खेळाचं) बक्षीस म्हणून बनतात. बक्षिसाच्या किमतीवर तिथे मर्यादा असते, २०२२ मध्ये ती ८०० वरून साधारण १००० येनपर्यंत वाढली. त्या बजेटमध्ये जेवढं बसतं तेवढंच काम होतं. कपड्यांवर छटा कमी, जोड थोडे दिसणारे, स्टँड साधा. वीस हजार येनच्या १/७ स्केल फिगरशेजारी ती ठेवली तर फिकी वाटणारच. म्हणून ती खोटी होत नाही. कमी बजेटमध्ये संग्रह सुरू करणाऱ्याला मी तर प्राइझ फिगरच सुचवतो.

चेहरा पाहताना कारण विसरणं

नकली फिगर कशी बनते हे कळलं की तिच्यातले दोष आपोआप दिसू लागतात. अस्सल फिगरसाठी शिल्पकार मूळ नमुना घडवतो, त्यावरून धातूचे साचे बनतात, त्यांत पीव्हीसी आणि एबीएस प्लास्टिकचे भाग ओतले जातात. नकला बहुतेक वेळा तयार अस्सल फिगरवरूनच साचा घेऊन काढतात. ओतलेलं प्लास्टिक थंड होताना आकसतं आणि आधीच आकसलेल्या वस्तूचा साचा घेतल्यामुळे नक्कल आणखी लहान होते. नेंडोरॉइड मुळात जेमतेम १० सेंटिमीटरची. तिच्यात हा फरक मोजपट्टीने पकडणं कठीण, पण जोडणीत लगेच जाणवतो. मान डगमगते, हाताची खुंटी भोकात सैल बसते किंवा जातच नाही.

धारही अशीच बोथट होते. अस्सल मिकूच्या वेण्यांची टोकं निमुळती असतात, नकलीची गोलसर आणि जाड. कपड्यांच्या चुण्या उथळ पडतात, बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात. ज्या फिगरमध्ये केस किंवा पाण्याचे शिंतोडे अर्धपारदर्शक प्लास्टिकचे असतात, तिथे नकलीत सरळ एकरंगी अपारदर्शक तुकडा येतो. माझ्या नजरेत ही सगळ्यात भरवशाची खूण, कारण असं प्लास्टिक वापरायला खर्च येतो आणि नक्कल करणारा नेमका तोच वाचवतो.

त्वचा बघा. चांगल्या स्केल फिगरच्या त्वचेवर मॅट थर असतो आणि कोपर, गुडघे, गाल इथे हलकी गुलाबी छटा. नकलीची कातडी तेलकट चमकते आणि बऱ्याचदा पिवळट किंवा अगदी पांढरी पडते. डोळे छापलेले असतात. नकलीत दोन्ही बाहुल्या एका रेषेत नसतात, त्यामुळे पात्र दुसरीकडेच बघतंय असं वाटतं. केसांचा रंग कपाळावर उतरलेला असतो.

पण तुलना कशाशी करता हेही महत्त्वाचं. कंपनीच्या जाहिरातीतला फोटो बहुतेक वेळा हाताने रंगवलेल्या नमुन्याचा असतो. कारखान्यातून आलेली अस्सल फिगर त्याच्याहून थोडी उन्नीस असतेच. म्हणून ज्यांनी ती विकत घेतली आहे त्यांनी काढलेले फोटो शोधा आणि एका खुणेवर निकाल देऊ नका. रंगाचा एखादा ठिपका अस्सल फिगरवरही सुटतो. चेहरा, जोड, खोकं आणि कॉपीराइटची ओळ असं सगळं एकदम बिघडलेलं असेल, तर मात्र शंका उरत नाही.

स्वस्त मिळाली याचा आनंद

नवी नेंडोरॉइड आज जपानमध्येच साधारण पाच ते सात हजार येनला मिळते. त्यावर पाठवणीचा खर्च आणि आपल्याकडचं सीमाशुल्क. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. मग तीच फिगर, नवी, खोक्यासकट, सातशे रुपयांत पुण्यात घरपोच कशी येईल? हा हिशोब खरेदीआधी दोन मिनिटांत होतो.

जाहिरातीतले शब्दही वाचा. ‘फर्स्ट कॉपी’, ‘चायना व्हर्जन’, ‘खोक्याशिवाय, पिशवीत’ असं लिहिणारा विक्रेता सगळं सांगूनच टाकतो. कंपनीने प्री-ऑर्डर पुढच्या वर्षासाठी घेतली असताना ‘स्टॉकमध्ये आहे’ म्हणणाऱ्याकडे फिरकू नका. महागडी म्हणजे अस्सल हेही खरं नाही, मूळ किमतीच्या जवळपासची किंमत लावून नकली विकणारे असतात. जुनी फिगर घेताना चेहऱ्याचा जवळून, स्टँडच्या खालचा आणि खोक्याच्या मागचा फोटो मागा, शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. वापरलेली पण अस्सल फिगर हवी असेल, तर आमिआमी किंवा मांदाराके यांसारखी जपानी दुकानं प्रत्येक वस्तूची अवस्था लिहून विकतात.

आजारी फिगरला खोटं ठरवणं

“चिकट झाली, म्हणजे डुप्लिकेट असणार.” नाही. पीव्हीसी मऊ राहण्यासाठी घातलेला द्रव बंद, उबदार जागेत बाहेर येतो आणि पृष्ठभाग चिकट होतो, अस्सलचाही. मुंबई-कोकणच्या हवेत खोक्यात बंद ठेवलेल्या फिगरला हे हमखास होतं. कोमट पाण्यात भांड्याच्या सौम्य साबणाने हलक्या हाताने धुवा, पूर्ण वाळवा, हवा खेळेल अशा कपाटात ठेवा.

उन्हाळ्यात एका पायावर उभी फिगर हळूहळू कलते. तो भाग गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, थोडा वेळ धरून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा. खुंटी आत जात नसेल तर जोर लावू नका. भोकाकडचा भाग हेअर ड्रायरने थोडा गरम केला की बसते. तरीही बसत नसेल आणि बाकीच्या खुणाही जुळत नसतील, तेव्हा नकलीचा विचार करा.

नकली निघाली तर

पार्सल उघडताना सलग, न तोडता व्हिडिओ काढा. पत्त्याची चिठ्ठी, खोक्याच्या सहाही बाजू, मग फिगर. नंतर अस्सल आणि तुमच्या फिगरचे फोटो शेजारी लावून, फरकावर बाण काढून, परतीची मुदत संपायच्या आत तक्रार करा. “नकली वाटते” असं लिहिलं तर तक्रार बारगळते. “खोक्यावर कंपनीचं बोधचिन्ह नाही, कॉपीराइटची ओळ नाही, डावा डोळा सरकलेला आहे” असं लिहा. विक्रेता अर्धे पैसे देऊन मिटवायला बघेल. ते स्वीकारू नका, पूर्ण परतावा मागा. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे व्यवहाराविरुद्ध दाद मागता येते.

पैसे परत मिळाले आणि फिगर तुमच्याकडेच राहिली, तर ती लहान मुलांच्या हाती देऊ नका. तिचं प्लास्टिक आणि रंग कुणी तपासलेले नसतात. आणि ती पुढे विकूही नका, ‘नकली आहे’ असं सांगूनसुद्धा. तिसऱ्या हातात जाईपर्यंत ते सांगणं गळून पडतं.