दहा बाय चौदाचा हॉल: आधी मोकळी जमीन, मग सोफा

वन बीएचकेतल्या हॉलला दिवसभर उसंत नसते. सकाळची घाई, दुपारी सासूबाईंची वामकुक्षी, संध्याकाळी मुलांचा अभ्यास, रात्री टीव्ही, आणि गावाहून कुणी आलं की अंथरुणंही तिथेच पडतात. भाद्रपदात गणपती बसतो, संक्रांतीनंतर हळदीकुंकू होतं. दुकानात मांडून ठेवलेल्या देखण्या हॉलमध्ये यातलं काहीच धरलेलं नसतं. म्हणून लहान हॉल लावताना माझा एकच आग्रह असतो: काय घ्यायचं ते नंतर, आधी कोणती जमीन मोकळी ठेवायची ते ठरवा. आमचा ठाण्यातला हॉल १० बाय १४ फुटांचा आहे. त्याच मापावर पुढचं सांगते.

टेप घ्या आणि जिन्यापासून सुरुवात करा

हॉलची लांबी-रुंदी सगळेच मोजतात. राहून जातं ते बाकीचं. दार आत किती जागा खातं, खिडकीची चौकट जमिनीपासून किती उंच आहे, प्लग कुठे आहेत, लिफ्टचं दार किती रुंद आहे आणि जिन्याच्या वळणावर किती जागा मिळते, हेही वहीत लिहा. माझ्या आईकडे घेतलेला तीन आसनी सोफा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकला. दुकानदाराने ‘जाईल की’ असं छातीठोकपणे सांगितलं होतं. चार माणसांनी दीड-दोन तास खटपट केली, एकाचा हात खरचटला, शेवटी सोफा परत गेला आणि टेम्पोचं भाडं आमच्याच माथी बसलं. पाय काढता येणारा किंवा दोन भागांत सुटणारा सोफा घेतला की हा प्रश्न येत नाही.

रद्दी पसरून दोन दिवस राहून बघा

ही पायरी कुणी चुकवू नये असं मला मनापासून वाटतं. जुनी वर्तमानपत्रं चिकटपट्टीने जोडा, सोफ्याच्या, टेबलाच्या, टीव्ही युनिटच्या मापाचे तुकडे कापा आणि फरशीवर चिकटवा. मग दोन दिवस नेहमीसारखे वावरा. स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन या, वाळत घातलेले कपडे गोळा करून आणा, केर काढा. ज्या कागदावर वारंवार पाय पडतो, तिथे ती वस्तू येता कामा नये.

आमचा हिशेब असा झाला. हॉलची रुंदी १२० इंच. एका भिंतीला ३२ इंच खोलीचा सोफा, समोर १२ इंचांचं टीव्ही युनिट, मधे १८ इंची टेबल आणि सोफ्यापासून टेबलापर्यंत पायांसाठी १६ इंच. उरले ४२ इंच, म्हणजे साडेतीन फुटांची छान वाट. तेच ४० इंच खोल गुबगुबीत सोफा आणि १८ इंचांचं युनिट घेतलं असतं तर वाट २८ इंचांवर आली असती. मग समोरासमोर दोघं आले की एकाला थांबावं लागतं.

सोफा की दिवाण?

इथे घाई करू नका. इंग्रजी एल अक्षरासारखे कोपऱ्याचे सोफे सध्या फार खपतात, पण लहान हॉलला मी ते सुचवत नाही. कोपऱ्यातल्या जागी बसलेल्याला पाय कुठे ठेवावेत कळत नाही, त्यामुळे ती जागा उशा ठेवायलाच उरते. शिवाय गणपतीत तो हलवता येत नाही.

पाहुणे मुक्कामाला येत असतील तर सहा बाय तीन फुटांचा दिवाण घ्या. दिवसा बैठक, रात्री एकाची झोप आणि आत गाद्या-पांघरुणांची सोय. एवढ्या खोल बैठकीत पाठ टेकत नाही, म्हणून भिंतीला दोन जाड लोड हवेतच. ड्रॉवरचा दिवाण असेल तर ड्रॉवर बाहेर यायला समोर दीड फूट मोकळं लागतं. तेवढं नसेल तर वरची फळी उचलायचा प्रकार घ्या. पाहुण्यांचा राबता नसेल तर सहा फुटी साधा सोफा आणि दोन हलक्या वेताच्या खुर्च्या पुरतात.

बैठकीची उंची बसूनच तपासा. १४ इंच उंचीचे सोफे दिसायला सुरेख, पण गुडघेदुखी असलेल्या माणसाला त्यातून उठताना हात धरावा लागतो. १७-१८ इंच उंची घरातल्या सगळ्यांना सोसते. आणि सोफ्याखाली सहा इंच मोकळे असू द्या. झाडू आत जातो, आणि फरशी भिंतीपर्यंत दिसत राहिली की हॉल मोठा वाटतो.

मधल्या टेबलाऐवजी एकात एक बसणारी तीन छोटी टेबलं बघा. एरवी एकाचीच जागा अडते, पाहुणे आले की तिन्ही कामाला येतात.

टीव्ही आणि भिंती

एवढ्या अंतराला ४३ इंची टीव्ही पुरतो. बसल्यावर नजर पडद्याच्या मध्यावर यावी, म्हणजे तो मध्य जमिनीपासून साधारण ४० ते ४२ इंचांवर येतो. खूप वर लावलेल्या टीव्हीने मान अवघडते. युनिट भिंतीला अधांतरी बसवलं तर खालची फरशी पुसता येते. चपलांसाठी दारामागे सात-आठ इंच खोलीचं, पुढे कलणाऱ्या झडपांचं कपाट मिळतं, तेच घ्या.

लाकूड घेताना पाऊस आठवा

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे हे फारच महत्त्वाचं. भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचं फर्निचर स्वस्त असतं, पण कडेतून ओल शिरली की फुगतं आणि बिजागऱ्यांचे स्क्रू निघतात. सुताराकडून करून घेत असाल तर साधं एमआर (थोडाफार ओलावा सोसणारं) प्लाय न वापरता बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही दाद न देणाऱ्या) प्रतीचं वापरा. दोन्ही प्रती आयएस ३०३ या भारतीय मानकात येतात, पण बीडब्ल्यूआर ओल जास्त चांगली सोसतं. पावसाची झड खाणाऱ्या भिंतीला कपाट चिकटवू नका, दोन इंच फट ठेवा. नाहीतर मागे बुरशी धरते आणि ती दिसते थेट दिवाळीच्या साफसफाईत. सोफ्याला रेक्झिनपेक्षा चेन लावलेली, धुता येणारी सुती खोळ बरी. दमट हवेत हलकं रेक्झिन सोलवटतं.

उजेड आणि रंग

एकाच पांढऱ्याफटक ट्यूबने हॉल दवाखान्यासारखा दिसतो. अभ्यासासाठी ती राहू द्या, पण सोफ्याजवळ ३००० केल्विनचा पिवळसर दिवा वेगळ्या बटणावर घ्या. पडद्याची दांडी खिडकीच्या चौकटीच्या सहा इंच वर लावा आणि पडदा जमिनीपर्यंत सोडा. छत उंच भासतं.

भिंती फिक्या ठेवल्यात तर रंगाची हौस कापडावर भागवा. आमच्याकडे उशांचे अभ्रे खणाचे आहेत, जांभळा आणि हिरवा, कडेला आईच्या जुन्या इरकलीचा काठ. दिवाणावर सोलापुरी चादर. दुकानातल्या कुठल्याही संचापेक्षा हे मला जास्त शोभिवंत वाटतं, आणि धुऊन पुन्हा वापरता येतं.

एक भिंत सोडून द्या

प्लग असलेली, दारातून येताच समोर दिसणारी तीन-चार फूट भिंत मोकळी ठेवा. तिथे एरवी हलकी कुंडी किंवा खुर्ची असू दे. गणपतीच्या आदल्या दिवशी ती उचलायची, दोन बाय दोनचा चौरंग मांडायचा, मखराच्या दिव्यांची वायर मागच्या प्लगमध्ये लावायची. टेबलं एकात एक सरकवून कोपऱ्यात ढकलायची आणि दिवाणातली सतरंजी काढून मधे पसरायची. आमच्या १० बाय १४ मध्ये आरतीला पंधरा-सोळा माणसं उभी राहतात आणि त्यानंतर प्रसादाला मांडी घालून बसतातही.