वर्कशॉपमध्ये वीज अन् प्लास्टिक वाचवायची सवय लावायची कशी

पहिलं म्हणजे 'वीज वाचवा' असले बोर्ड लावत बसू नका भावांनो, आमच्या शिरोली एमआयडीसीतल्या शॉपमध्ये तसले तीन होते, एकाच्या खिळ्याला पोरं टोप्या अडकवायची. शिकवायला गेलं की माणूस ऐकत नाही, पण काम सोपं करून दिलं की आपोआप करतोय.

लाईटचंच बघा. एका बोर्डवर बारा बटणं, कुठलं कशाचं कुणालाच माहीत नसतंय, चुकून दुसरंच काय बंद झालं तर शिव्या खायच्या म्हणून कोण हात लावत नाही. जी बंद केली तरी चालतात त्यांना हिरवा ठिपका मारा, बाकीच्यांना लाल, झालं. ऑफिसचा एसी 24 वर. एक डिग्री वाढवली की साधारण 6 टक्के वीज वाचतीय, सायबांना उकडलं तर सोबत फॅन.

खरा पैसा मात्र कॉम्प्रेसरच्या हवेत जातोय. शिफ्ट सुटली की एअर गननं कपडे झाडायचे ही सवय लई जुनी, डोळ्याला कानाला धोका तो वेगळाच, म्हणून गनच्या शेजारीच एक ब्रश टांगा. आणि लिकेज मोजायला सुट्टीदिवशी सगळी मशिनं बंद ठेवून नुसता कॉम्प्रेसर चालू करा, लोड (म्हणजे हवा भरतोय) किती वेळ अन् अनलोड (भरणं थांबवून नुसता फिरतोय) किती वेळ ते घड्याळ लावून लिहा, 2 मिनिटं लोड अन् 8 मिनिटं अनलोड आलं म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या 20 टक्के हवा लिकेजमधनं फुकट चाललीय. मग साबणाचं पाणी घेऊन कपलिंगला, पाइपच्या जोडांना लावत जायचं, बुडबुडे दिसले की खडूनं खूण. हे ऑपरेटरकडूनच करून घ्या, पण त्यानं दाखवलेलं लिकेज त्याच आठवड्यात काढा, नाहीतर पुढच्या वेळी तो कशाला सांगंल?

चहाचं म्हणाल तर कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतोय, तो रद्दीत पण जात नाही. प्रत्येकाला स्टीलचा कप द्या, भांडीवाल्याकडनं त्यावर नाव घालून घ्या, नाव असलं की ज्याचा तो धुतोय. आमच्यात आधी बिननावाचे आणले होते, महिन्यात निम्मे गायब!

शनिवारी मिसळ मागवता तेव्हा कट पिशवीत बांधून आणू नका, झाकणाचा डबा पाठवा. जरा मोठाच पाठवा, डबा बघून हॉटेलवाला कट पण सढळ हातानं घालतोय.